मरणाची भीती आणि देवाचा आधार: तुमचे अनुभव लिहा

वरळीकरीण
शेजारच्या काकांची बायपास आहे. काल भिंतीपलीकडून महामृत्युंजयाचा जप ऐकू आला आणि बाबांचं ऑपरेशन आठवलं. आत नेताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मग स्वतःच 'त्र्यंबकं यजामहे' पुटपुटायला लागले आणि बोटं एकेक करून सैल झाली. ऑपरेशन व्हायचंच होतं, भीती मात्र दारातच गेली. तुम्हाला आलाय का असा अनुभव?

चाळकरी
२६ जुलै २००५. कुर्ल्याहून रुळांवरून चालत, कमरेच्या वर पाणी. पुढे एक अनोळखी मावशी मोठ्याने रामरक्षा म्हणत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली. 'जानुनी सेतुकृत्पातु' आलं तेव्हा माझे गुडघे खरंच लटपटत होते. समुद्रावर सेतू बांधणारा गुडघे सांभाळतोय! शीवपर्यंत त्यांचा आवाज धरून चाललो. नाव विचारायचं राहिलं.

खारीबटर
@चाळकरी आम्ही तेव्हा कलिन्यात. तळमजल्यावरची चार कुटुंबं आमच्या दोन खोल्यांत, रात्रभर पिठलं-भात. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता त्या दिवशी.

सायली_ठाणे
मोबाइलवरून लिहितेय, चुका पोटात घाला. आईसाठी जप केला, तरी गेली. फार राग आला होता. मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली तर सोळाव्या वर्षी यमाला परत जावं लागलं, मग माझी आईच का? पण तिला स्वतःला राग नव्हता. शेवटच्या संध्याकाळी म्हणाली, "दिवेलागण झाली, पडदा सरकव आणि शुभंकरोती म्हण." मला शब्द फुटेना, तिनेच पूर्ण केलं.

वरळीकरीण
सायली, काय लिहू गं. जवळ असतीस तर येऊन बसले असते.

आजोबा_गिरगाव
बाळा, यम परत गेला तरच देव पावला असं नसतं. आईजवळ तो बसलेलाच होता. आमची ही गेल्यापासून मी रोज रात्री रामरक्षा म्हणूनच आडवा होतो. झोप लागते.

खारीबटर
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. सासूबाईंना श्रावणात बाबुलनाथला जायचंय, पायऱ्या झेपतील का?

चाळकरी
लिफ्ट आहे तिथे. फक्त सोमवार टाळा, रांग फार असते.