इंग्रजी संक्षेपांचा मूळ अर्थ पाळावा की रूढ अर्थ?

जुना मुद्रितशोधक

गेल्या महिन्यात एका कार्यालयाच्या दारावर माझा पासपोर्ट नाकारला गेला. भिंतीवरच्या इंग्रजी सूचनेत छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे असे लिहून पुढे कंसात ‘आय. ई.’ आणि त्यानंतर आधार व पॅन ही दोनच नावे दिली होती, त्यामुळे तिसरे काहीही चालणार नाही, असे दारावरच्या गृहस्थांचे म्हणणे पडले. अर्ध्या तासाने वर फोन गेला आणि आतल्या अधिकाऱ्यांनी तोच पासपोर्ट विनातक्रार पाहून घेतला. सूचना लिहिणाऱ्याला ‘ई. जी.’ म्हणायचे होते, हे तेव्हा उघड झाले.

‘आय. ई.’ हा लॅटिन ‘इद एस्त’चा संक्षेप आहे, म्हणजे आपले ‘अर्थात’, तर ‘ई. जी.’ हा ‘एक्झेम्प्ली ग्रातिया’चा, म्हणजे ‘उदाहरणार्थ’. पहिल्याने यादी बंद होते, दुसऱ्याने ती उघडी राहते. दारावरच्या माणसाने जे लिहिले होते तेच पाळले. त्याला मी दोष देत नाही.

संक्षेप वापरायचा असेल तर तो कशाचा आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे मत आहे. ‘प्लीज आर. एस. व्ही. पी.’ लिहिणाऱ्याला ‘कृपया उत्तर द्या’ अशा अर्थाच्या त्या फ्रेंच अक्षरांमध्ये ‘कृपया’ आधीच आहे हे माहीत नसते, ‘अँड एटसेटरा’ म्हणणाऱ्याला ‘एत’ म्हणजेच ‘आणि’ हे माहीत नसते, आणि ‘पिन कोड’, ‘पॅन नंबर’, ‘आयएफएससी कोड’ म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो याचे कुणाला काही वाटत नाही. तीस वर्षे मुद्रिते तपासल्यामुळे मला ते वाटते.

कोकणकडा

महोदय, पासपोर्टाचा आपला अनुभव मान्य आहे. पण त्याच्या आधारे आपण जी बाकीची मंडळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली आहेत, त्यांपैकी बहुतेक निर्दोष आहेत. ‘पिन’ म्हणजे ‘पोस्टल इंडेक्स नंबर’. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून पत्त्याखाली ‘पिन कोड’ लिहिल्यामुळे एकही पत्र चुकीच्या गावी गेलेले नाही. आज कुणाला नुसते ‘तुमचा पिन सांगा’ म्हणून पाहावे. तो माणूस एटीएमचा गुप्त आकडा विचारला असे समजून सावध होईल, आणि ते योग्यच होईल. ‘कोड’ हा शब्द पुनरुक्ती म्हणून आला असेल, पण आज तो दोन पिनांमधला फरक सांगतो.

मूळच धरून बसायचे असेल तर ‘ओके’ हा शब्द उच्चारताच येणार नाही. तो १८३९ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम बिघडवलेल्या स्पेलिंगातून जन्मला. आर. एस. व्ही. पी.चे तर आपल्याकडे पूर्ण धर्मांतर झाले आहे. इंग्रजी लग्नपत्रिकेत त्या चार अक्षरांखाली काका, मामा आणि आत्यांचे यजमान यांची नावे दूरध्वनी क्रमांकांसह छापतात, पण येणार की नाही हे कळवण्यासाठी त्या क्रमांकावर फोन केलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. फोन येतो तो कार्यालय नेमके कुठे आहे हे विचारायला. तिथे त्याचा अर्थ ‘निमंत्रक’ असा झाला आहे, आणि तो सर्वांना समजतो.

दूरदेशी

कोकणकडा यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. मी गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये संगणकप्रणालीचे काम करते. ‘प्रीपोन’ हा शब्द मी तिथे प्रथम वापरला तेव्हा सहकारी हसले, पण ‘पोस्टपोन’च्या उलट काय असणार, हे त्यांना क्षणात उमगले. ‘रिव्हर्ट’ने मात्र घात केला. आपल्या कार्यालयांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे ‘कृपया उत्तर कळवा’. मी त्याच अर्थाने ‘प्लीज रिव्हर्ट ऑन दीज चेंजेस’ असे लिहिले, आणि पलीकडच्या सहकाऱ्याने मी दिवसभर बसून केलेले बदल इमानेइतबारे रद्द करून टाकले, कारण त्या शब्दाचा त्यांच्या लेखी ‘पूर्वस्थितीला नेणे’ एवढाच अर्थ होता. नवा शब्द घडवला तर ऐकणारा थांबून विचार करतो. जुन्या शब्दाला परस्पर नवा अर्थ चिकटवला तर तो थांबतच नाही, आणि नुकसान तिथेच होते.

रात्रपाळी

लॅटिन जाणणाऱ्यालाही जिथे मार खावा लागतो, असे एक उदाहरण देतो. ‘ए. एम.’ म्हणजे ‘अँटे मेरिडिएम’, मध्यान्हापूर्वी, आणि ‘पी. एम.’ म्हणजे ‘पोस्ट मेरिडिएम’, मध्यान्हानंतर, हे मला शाळेपासून पाठ आहे. एका अर्जाची मुदत ‘१५ तारीख, १२ ए. एम.’ अशी होती. मी १५ तारखेला संध्याकाळी निवांत बसलो, तर खिडकी आदल्या रात्रीच बंद झालेली. ठीक दुपारी बारा वाजता तर मध्यान्हापूर्वीही नसते आणि नंतरही नसते, मग तिथे व्युत्पत्ती काय सांगणार? रेल्वेच्या वेळापत्रकात ००:२० छापतात तेच बरे, जरी त्यातही शनिवारी रात्री जेवून निघणाऱ्यांनी तिकीट रविवारच्या तारखेचे काढायचे असते, हे घरच्यांना दर वेळी समजवावे लागते.

बोरूबहाद्दर

इंग्रजीचे राहू द्या. पत्राखाली ‘ता. क.’ लिहिणाऱ्या किती जणांना ‘ताजा कलम’ हे शब्द आठवतात? लग्नपत्रिकेतल्या ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार गळून ‘का.’ छापले जाते, तरी वधू कोण हे मांडवातल्या प्रत्येकाला कळते.

जुना मुद्रितशोधक

‘कां.’वरचा अनुस्वार मी आयुष्यभर घालत आलो आहे, बोरूबहाद्दर. ‘सौभाग्यकांक्षिणी’मधून तो काढला तर ती कसली आकांक्षा करते हेच उरत नाही. पिन कोडाचा मुद्दा मात्र मी मागे घेतो. एटीएमचा विचार माझ्या मनात आला नव्हता. आणि स्वतःहून कबूल करतो की ‘पीएनआर नंबर’ला मी अनेक वर्षे विनाकारण लाल शाई लावली. त्यातला ‘एन’ हा ‘नेम’चा आहे, नंबरचा नाही, त्यामुळे तिथे पुनरुक्ती नव्हतीच.

पण दूरदेशी यांचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे, कोकणकडा. लग्नपत्रिकेतला गैरसमज मामांना फोन करून मिटतो. सूचना, करार आणि मुदती यांत लिहिणारा समोर नसतो, म्हणून तिथे ‘सर्वांना समजते’ हा आधार पुरत नाही.

कोकणकडा

सूचना आणि करारांपुरते मान्य. मग तिथे लॅटिन हवेच कशाला? सरळ ‘उदाहरणार्थ’ लिहावे. शाईचे एवढे काय मोल आहे?

जुना मुद्रितशोधक

काल त्या कार्यालयात पुन्हा जाणे झाले. माझ्या पत्रानंतर सूचना बदलली आहे. आता कंसात ‘ई. जी.’, मग आधार, पॅन, पासपोर्ट, आणि शेवटी ‘एटसेटरा’ आहे. ‘उदाहरणार्थ’ म्हटल्यावर ‘इत्यादी’ची गरज नसते, हे सांगण्यासाठी मी खिशातून पेन काढले होते. दारावरच्या गृहस्थांनी मला ओळखले, पासपोर्ट न मागताच आत सोडले, आणि मी पेन परत ठेवले.