इंग्रजी ‘सेट’साठी मराठीत नेमके काय लिहावे?

प्रश्न
मी मुलांच्या एका इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर करीत आहे. त्यातील एकाच पानावर सूर्य ‘सेट’ होतो, जेली ‘सेट’ होते आणि मुलांना घड्याळ ‘सेट’ करायला सांगितले आहे. ऑक्सफर्डच्या 1989 च्या कोशात या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ दिलेले आहेत. त्यांना जोडणारा काही धागा आहे का?

पहिला प्रतिसाद
धागा नक्की आहे. आपल्याकडे ‘बसणे’वरून ‘बसवणे’ होते, तसेच इंग्रजीत ‘सिट’चे प्रयोजक रूप म्हणजे ‘सेट’. निखळलेले हाड बसवणे, हिरा कोंदणात बसवणे, इतकेच नव्हे तर खेळपट्टीवर फलंदाजाचा जम बसणे, या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’च येतो. सूर्यास्तासाठीही जुन्या इंग्रजीत ‘आसनाकडे जाणे’ अशा अर्थाचा शब्द होता, आणि मला ती कल्पना फार सुंदर वाटते.

दुसरा प्रतिसाद
व्युत्पत्ती मान्य आहे, पण भाषांतराला ती पुरत नाही. घड्याळ, सापळा आणि आग आपण ‘लावतो’, जेवणाची पाने ‘मांडतो’, आणि छापखान्यात अक्षरांचे खिळे ‘जुळवीत’ असत. जेलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. माझी आई सकाळी विरजणाचे भांडे किंचित कलते करून पाही आणि दही काठाला धरून नुसते थरथरले, की ‘लागले’ म्हणे. जेलीला मात्र ‘लागली’ म्हणता येणार नाही; ती गार झाल्यावर घट्ट होते, म्हणून तुपासारखी ‘थिजली’ म्हणावे.

तिसरा प्रतिसाद
कपबशांचा किंवा गणितातला ‘सेट’ यात मिसळू नका. ते नाम फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘अनुयायांचा गट’ या अर्थाच्या शब्दावरून आले, आणि पंथाला इंग्रजीत म्हणतात तो ‘सेक्ट’ त्याचाच भाऊबंद आहे. पुढे इंग्रजीत हे नाम आणि ‘सेट’ हे क्रियापद यांची सरमिसळ झाली, तरी मराठीत ‘संच’ हा शब्द त्यासाठी उत्तम रुळलेला आहे.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. त्या पानावर आता सूर्य मावळेल, जेली थिजेल आणि मुले घड्याळ लावतील. पुढच्या पानावर ‘सेट स्क्वेअर’ आहे, पण तिथे कंपासपेटीतला गुण्या माझ्या मदतीला तयार आहे.