पायथनमध्ये मराठी व्हेरिएबल: तेच नाव एका संगणकावर चालते, दुसऱ्यावर नाही

प्रश्न
नमस्कार. नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना मी व्हेरिएबलची, म्हणजे ज्यांत मूल्य साठवतो त्यांची, नावे मुद्दाम मराठीत देतो, कारण आपण दिलेले नाव कोणते आणि भाषेचा राखीव शब्द कोणता, हे त्यांना त्यामुळे चटकन कळते. किंमत = 40 ही ओळ सर्वांकडे चालली. मात्र शेतकऱ्याचे_उत्पन्न = 12000 ही ओळ माझ्याकडे चालते आणि एका विद्यार्थिनीच्या संगणकावर सिंटॅक्स एरर, म्हणजे लेखनाचा नियम मोडल्याची चूक, दाखवते. दोन्हीकडे अक्षरे हुबेहूब सारखी दिसतात. मी एकेक मात्रा ताडून पाहिली आहे. असे का होत असावे?

उत्तर १
सर, नावात दोष नाही. ‘ऱ्या’ टंकण्याच्या पद्धतीत आहे. हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिले जाते: एकतर खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह आणि य. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून देवनागरी नावे चालतात. नावाची सुरुवात अक्षराने किंवा अंडरस्कोरने करावी लागते आणि पुढे मात्रा, अनुस्वार, हलन्त, अंक हे सारे घेता येते, पण जॉइनरला तिथे परवानगी नाही. खात्रीसाठी दोन्ही संगणकांवर ‘ऱ्या’ अवतरणचिन्हांत टंकून लेन फंक्शनने लांबी मोजा. शेवटचा काना धरून तुमच्याकडे ४ येईल, तिच्याकडे बहुधा ५.

उत्तर २
जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत हाच जॉइनर नावात चालतो आणि माझ्या मते ते अधिक धोक्याचे आहे, कारण सारखी दिसणारी दोन नावे तिथे निमूटपणे दोन वेगळी व्हेरिएबल होतात. पायथन निदान तिथल्या तिथे अडवते.
अंकांचेही मुलांना आधीच सांगून ठेवावे. भाव१ हे नाव चालते, १भाव चालत नाही, आणि भाव१ व भाव1 ही दोन निराळी नावे ठरतात. किंमत म्हणून मात्र भाव = ४० असे लिहिता येत नाही, तिथे 40 च हवे; उलट कीबोर्डवरून मजकूर म्हणून आलेल्या ‘४०’ चे इंट फंक्शन बिनतक्रार संख्येत रूपांतर करते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तिच्याकडे ५ च आले. तिने टिंबाचा ऱ वापरून नाव पुन्हा टंकले आणि ओळ लगेच चालली. पुढच्या तासाला वाऱ्याचा_वेग हे नाव सर्वांकडून टंकून घेऊन प्रत्येकाची लांबी फळ्यावर मांडणार आहे.