प्रश्न वेगाचा आहे

तापमानवाढीबद्दल बोलताना 'हवामान पूर्वीही बदलत आलंय, जीवसृष्टी जुळवून घेईल' असं म्हटलं जातं, पण हा मुद्दा अर्धाच खरा आहे. शेवटचं हिमयुग ओसरताना पृथ्वी साधारण ५ अंशांनी तापली, पण त्याला हजारो वर्षं लागली. तेवढ्या काळात जंगलं बिया पसरवत पिढ्यान्‌पिढ्या ध्रुवांकडे सरकली. आता जेमतेम दीडशे वर्षांत १ अंशाहून जास्त वाढ झालीय, आणि सरकायच्या वाटेवर शेतं, रस्ते, शहरं उभी आहेत.

मला सर्वात अस्वस्थ करते ती डोंगरावरच्या जीवांची कोंडी. पेरूमधल्या पँतियाकोया डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांची नोंद झाली होती. २०१७ मध्ये संशोधक पुन्हा तिथे गेले, तेव्हा बऱ्याच जाती वर सरकलेल्या दिसल्या आणि माथ्याजवळ राहणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. माथ्यावरच्यांनी आणखी वर जायचं कुठे?

काहींचं मात्र फावतं. कॅनडात कडाक्याची थंडी पाइनच्या सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मारून टाकायची. हिवाळे सौम्य झाले, अळ्या तगल्या, आणि ब्रिटिश कोलंबियात लाखो हेक्टरांवरची पाइनची झाडं वाळली. कार्बन शोषणारी ती जंगलं काही काळ उलट कार्बन सोडू लागली, म्हणजे परिणामच पुढच्या तापमानवाढीचं कारण झाला.

शिवाय प्रत्येक जीव वेगळ्या गतीने बदलतो. झाडाला पालवी लवकर फुटते, अळ्याही लवकर येतात; पण आफ्रिकेतून युरोपात येणारे काही स्थलांतरित पक्षी दिवसाची लांबी पाहून निघतात. ते पोचेपर्यंत पिल्लांना भरवायच्या अळ्यांचा बहर ओसरलेला असतो.