नव्या आल्पीन ए११०ला जुन्या गाडीची वारस म्हणावे का?

प्रश्न – वळणवेडा
१९६२ सालच्या आल्पीन ए११० या फ्रेंच स्पोर्ट्स कारवर बेतलेली, त्याच नावाची नवी गाडी २०१७ साली आली आणि पुढे २९२ अश्वशक्तीची ‘एस’ आवृत्तीही निघाली. समोरचे चार दिवे पाहताक्षणी जुनी गाडी आठवते. परंतु जुन्या गाडीचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही (चाके जोडणाऱ्या आसाच्याही) मागे होते, तर नव्या गाडीत ते ॲक्सलच्या पुढे आले आहे. मूळ मांडणीच बदलल्यावर केवळ चेहऱ्याच्या साम्यावर तिला वारस ठरवणे योग्य आहे का?

प्रतिसाद – चौथा गिअर
इंजिन मागे असण्याचे कारण साधे होते: यांत्रिक भाग रेनो ८ या मागे इंजिन असलेल्या गाडीतून घेतले होते. अशा गाडीत भर वळणात ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांवर जातो, मागची पकड ढिली पडते आणि इंजिनाच्या वजनाने मागचा भाग बाहेर फेकला जातो. रॅली शर्यतींतील निष्णात चालकांनी हाच स्वभाव कामी आणला. १९७३ साली माँटे कार्लो रॅलीतील पहिले तिन्ही क्रमांक आणि त्याच वर्षी सुरू झालेले जागतिक रॅली विजेतेपद या गाडीने मिळवले. सामान्य चालकाला मात्र ते झेपणारे नव्हते.

माझ्या मते खरा वारसा हलकेपणाचा आहे. तेव्हा बॉडी फायबरग्लासची होती, आता चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी ॲल्युमिनियमची आहे. नव्या गाडीची एक सीट अवघी १३.१ किलोची आहे आणि पार्किंग ब्रेक मागच्या मुख्य कॅलिपरमध्येच (ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागातच) सामावून आणखी २.५ किलो वाचवले आहेत. म्हणूनच १.८ लिटरच्या टर्बो इंजिनावर ती चपळ राहते.

प्रतिसाद – क्लचप्रेमी
वजनाचा मुद्दा मान्य. तरीही मॅन्युअल गिअरबॉक्स नाही, केवळ सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) आहे, ही उणीव मला इंजिनाच्या जागेपेक्षा अधिक खटकते.

प्रतिसाद – वळणवेडा
रेनो ८चा संदर्भ पटला. मग ‘एस’ घ्यावी की मूळ २५२ अश्वशक्तीची?

प्रतिसाद – चौथा गिअर
‘एस’च्या स्प्रिंग ५० टक्के अधिक कडक असून ती ४ मिलिमीटर खाली बसते. ट्रॅकवर हे उपयोगी पडते, परंतु खडबडीत डोंगरी रस्त्यावर मूळ गाडीचे मऊ सस्पेन्शन चाकांना जमीन सोडू देत नाही. मी मूळ गाडीच निवडेन.