मदत हवी आहे: हॅमॉकवरच्या टार्पच्या आढ्याची दोरी सलग बांधू की दोन तुकड्यांत?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात ताम्हिणीकडे मित्राच्या शेतावर दोन रात्री हॅमॉकमध्ये (दोन झाडांत टांगलेल्या झोळीत) झोपलो आणि दोन्ही रात्री भिजलो. हॅमॉकची तक्रार नाही, घोटाळा टार्पच्या (वर छपरासारख्या ताणलेल्या पावसाच्या कापडाच्या) आढ्याच्या दोरीत, म्हणजे त्याला मधल्या कण्यावर झाडांशी ताणून धरणाऱ्या दोरीत आहे.

पहिल्या रात्री दोन तुकडे वापरले. टार्पच्या दोन टोकांच्या कड्यांपासून दोन झाडांना पॅराकॉर्ड (बारीक, मजबूत दोरी), ट्रकर्स हिचने (दोरी कप्पीसारखी ओढून आवळायची गाठ) आवळून. संध्याकाळी दोरी छेडली तर टणटण वाजत होती. दीडच्या सुमारास सर आली आणि थोड्या वेळाने टार्प येऊन मच्छरदाणीला टेकला, म्हणजे जवळजवळ माझ्या नाकालाच. हेडलॅम्प लावून बाहेर आलो, तर ओली गाठ सुटेना. (मित्र खोपटात घोरत होता, ते असो.)

दुसऱ्या रात्री एकच सलग दोरी झाडापासून झाडापर्यंत टार्पखालून घेतली आणि प्रुसिकच्या दोन गाठींनी (दोरीभोवती गुंडाळलेला बारीक दोरीचा फास, हाताने सरकतो पण ताण आला की घट्ट धरतो) टार्प त्यावर ताणला. हे भारी वाटलं, कारण गाठी सरकवल्या की टार्प मधोमध येतो, झाडाकडची गाठ पुन्हा सोडावी लागत नाही. पण पाणी खोडावरून दोरीवर आणि दोरीवरून चालत आत. नेमकं कमरेवर टप टप.

टार्प ३ बाय ३ मीटर, सिलनायलॉनचा (सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन). झाडांत अंतर साधारण साडेचार मीटर. आता दोन तुकड्यांकडे परत जाऊ, की सलग दोरी टार्पच्या वरून घेऊ?

प्रतिसाद १
पहिल्या रात्रीचा दोष पद्धतीचा नाही, दोरीचा. पॅराकॉर्ड नायलॉनचा, ओला झाला की ताणतो. तुमचा टार्पही नायलॉनचा, तोही सैलावणार. ३ मिमीची पॉलिस्टरची दोरी घ्या. प्रुसिकसाठी तिच्याहून बारीक, २ मिमीची. सारख्याच जाडीची घेतली तर गाठ नीट धरत नाही. बाजूच्या ताणदोऱ्यांत इलॅस्टिकचा छोटा फास टाका, कापड सैल पडलं की तोच ओढून धरतो.

प्रतिसाद २
झाडं किती जाड होती? खोड बारीक असेल तर तुम्ही हॅमॉकमध्ये बसलात की दोन्ही झाडं आत झुकतात आणि आढ्याची दोरी ढिली पडते. आधी हॅमॉकमध्ये बसा, मग कोणाला तरी दोरी ओढायला सांगा.
पावसात मी सलग दोरी टार्पच्या वरूनच घेतो. टार्प प्रुसिकला लटकतो, दोरीवरचं पाणी टार्पवर गळून पागोळ्यांसारखं खाली जातं. खालूनच घ्यायची असेल तर टार्पच्या कडेबाहेर, झाडाच्या बाजूला, दोरीला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडा. बरंचसं पाणी तिच्यावरून उतरतं. दोन तुकडे असतील तरी ही सुतळी बांधाच. कड्यातून पाणी आढ्याखाली येतंच.

धागाकर्ता
साग होते, पोटरीएवढे! बसल्यावर हलल्यासारखं वाटलं होतं खरं, पण मला वाटलं वारा आहे. या वेळी शेताच्या बांधावरच्या आंब्यांना बांधतो, पॉलिस्टरची दोरी टार्पच्या वरून. एकच विचारायचं राहिलं: वरून घेतलेली दोरी वाऱ्यात मधल्या शिवणीवर घासत राहते, तिथे सीम सीलरचा (शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून लावायचा लेप) आणखी एक हात द्यावा का?