दोन्ही अजगर अल्बिनो, तरी सहाच्या सहा पिल्लं साधी! फसवलं का मला?

ह्यूस्टनवाला: बॉल पायथनची जोडी आहे. नर अल्बिनो (म्हणजे अंगात काळा रंगच बनत नाही), मादी अल्बिनो. काल सहा अंडी फुटली, सहाही पिल्लं साधी तपकिरी! रिसेसिव्ह गुण, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारा, दोघांत दिसतोय म्हणजे सगळी अल्बिनोच हवीत ना? लवकर सांगा, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय.

गणूदादा: 25 टक्क्यांचा नियम. चारांत एक अल्बिनो. पुढच्या खेपेला निघेल.

कातकरीण: गणूदादा, ते दोन हेट जुळवले तर, म्हणजे दिसायला साधे पण एक बिघडलेली प्रत लपवून असलेले. आणि तेव्हाही 'चारांत एक' ही हमी नव्हे, प्रत्येक अंड्याची चिठ्ठी वेगळी. सहा अंड्यांत एकही न निघण्याची शक्यता 18 टक्के.
धागाकर्ते, मादी आधी दुसऱ्या नराबरोबर होती का? माद्या वीर्य साठवून ठेवतात.

ह्यूस्टनवाला: नाही. पिल्लू होती तेव्हापासून माझ्याकडेच.

नागोबा७७: पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत खात नाहीत, घाबरू नका. नंतर छोटा उंदीर.

ह्यूस्टनवाला: खाण्याचं विचारलंच नाहीये.

वनरक्षक_मित्र: 1972 चा वन्यजीव कायदा वाचलाय का? अजगर पाळणं गुन्हा आहे.

ह्यूस्टनवाला: अहो, नाव तरी वाचा. टेक्सासात आहे मी. आणि हे आफ्रिकेतले.

कातकरीण: दोघांचे फोटो टाका. निदान रंग सांगा.

ह्यूस्टनवाला: नर पांढरा-पिवळा. मादी लॅव्हेंडर, फिकट जांभळट. शेवटी अल्बिनोच ना.

कातकरीण: अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं! अल्बिनोत टायरोसिनेजचं जनुक बिघडलेलं असतं, लॅव्हेंडरमध्ये ओसीए2 हे दुसरंच जनुक. काळा रंग बनवायला दोन कारागीर लागतात असं धरा. बापाकडे पहिला आजारी, आईकडे दुसरा. पिल्लांना दोन्हींची एकेक धडधाकट प्रत मिळाली, म्हणून रंग आला. फसवलं कोणी नाही. सहाही डबल हेट आहेत, म्हणजे दोन्ही गुण लपवून, शंभर टक्के.

गणूदादा: मग भावंडंच जुळवा. सोळांत एकात दोन्ही गुण.

कातकरीण: आणि सोळांत नऊ पुन्हा साधी दिसणार, त्यांतलं कोण हेट हे ओळखत बसा. नर पिल्लू मोठं झालं की बापासारख्या अल्बिनो मादीला लावा, सरासरी निम्मी अल्बिनो.

गणूदादा: मी दोनदा भावंडं जुळवलीत, काही झालं नाही.

कातकरीण: दोनदा!

ह्यूस्टनवाला: ते भांडण नंतर. गिऱ्हाइकाला पांढरं पिल्लू हवंय, येत्या शनिवारी. त्याला काय सांगू?

नागोबा७७: दूध मात्र पाजू नका.